पलंगाखालचा काळू

प्रश्न : आम्ही बदलापूर पूर्वेला खरवईत राहतो. भर पावसात गाडीची धडक बसलेला, साधारण दीड वर्षाचा एक गावठी कुत्रा काही प्राणिमित्रांनी वाचवला. पाय बरा झाल्यावर आम्ही त्याला घरी आणलं, नाव ठेवलं काळू. चार दिवस झाले, तो पलंगाखालून बाहेर येत नाही. सगळे झोपल्यावर थोडं खातो. आणलेल्या गादीकडे ढुंकूनही बघत नाही. घरात लघवी करत नाही, बाहेर नेलं की मात्र रस्त्याकडे ओढ घेतो. सासूबाई म्हणतात, "त्याला मोकळं राहायची सवय आहे, जिथला तिथे सोडून या." आमचं काही चुकलं का?

उत्तर : तुमचं काही चुकलेलं नाही आणि काळूचंही नाही. कोडं एवढंच आहे की तुम्ही त्याला आसरा दिलात, हे तुम्हाला माहीत आहे, त्याला नाही. त्याच्या बाजूने पाहिलं तर आधी गाडीची धडक, मग अनोळखी हात, सुया, पिंजरा आणि आता हे चार भिंतींचं घर. अशा वेळी शरीरात तणावाची संप्रेरकं वाढलेली असतात, ती उतरायला काही दिवस जातात. तोवर भूक मंदावते, झोप सावध राहते. पलंगाखाली पाठीला भिंत आहे, वर छप्पर आहे आणि येणारा-जाणारा पायांवरून कळतो. त्याने घरातली सर्वांत शहाणपणाची जागा निवडली आहे.

पिल्लू असतं तर गोष्ट निराळी होती. अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं कुत्र्यांची पिल्लं अभ्यासली आणि १९६५ साली निष्कर्ष पुस्तकरूपात मांडले. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे पाहतं-ऐकतं, ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. रतन टाटांचा लाडका 'गोवा' गोव्यात सहकाऱ्यांच्या गाडीत शिरला तेव्हा पिल्लूच होता. पुढे तो बॉम्बे हाऊसमध्ये आरामात नांदला. काळूच्या त्या आठवड्यांत मिक्सर नव्हता, कुकरची शिट्टी नव्हती, डोक्यावर गरगरणारा पंखा नव्हता. मोठ्या कुत्र्यालाही हे सगळं शिकता येतं, फक्त एकेक करून आणि त्याच्या चालीने.

फरशीचंच बघा. मातीवर वाढलेल्या कुत्र्याचे पाय गुळगुळीत टाइल्सवर घसरतात, त्यात याचा पाय नुकताच बरा झालेला. पुष्कळांना वाटतं की तो हट्टाने बसून राहतो, प्रत्यक्षात त्याला पडायची भीती असते. पलंगापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत जुनं गोणपाट किंवा सतरंजी अंथरा. गादीवर कोऱ्या कापडाचा वास आहे, म्हणून ती त्याला परकी. तुमची वापरलेली गोधडी तिच्यावर टाका.

लघवीचंही तसंच आहे. कुत्रा कुठे मोकळं व्हायचं हे पायाखालच्या स्पर्शावरून ठरवतो. काळूच्या लेखी ती जागा म्हणजे माती नि गवत, तुमची फरशी नव्हे. म्हणजे निम्मं शिक्षण तो घेऊनच आला आहे. पहाटे, दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्याआधी ठरल्या वेळी त्याच मातीच्या तुकड्याकडे न्या. कधी घरात झालंच तर त्यात त्याचं नाक घासण्याची जुनी पद्धत वापरू नका. त्यातून तो एवढंच शिकतो की माणसांसमोर लघवी करणं धोक्याचं, आणि मग कपाटामागची जागा शोधतो.

खाण्याबद्दल काळजी कमी करा. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं की माणसाच्या सोबतीने राहताना कुत्र्यांत पिष्ट पचवायची क्षमता लांडग्यांपेक्षा कितीतरी वाढली. त्यामुळे भात-भाकरी चालते, सोबत बिनमिठाचं उकडलेलं अंडं किंवा चिकन द्या. कांदा, लसूण, द्राक्षं, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं मात्र अजिबात नकोत. दोन दिवस अन्नाला तोंडच लावलं नाही, अंग तापलं किंवा नाकातून रक्त आलं, तर थेट पशुवैद्याकडे जा. आपल्याकडे गोचीड-ताप फार आढळतो. गोचिडीची मादी अंडी कुत्र्यावर घालत नाही. खाली गळून भिंतीच्या फटीत घालते, तीही हजारोंनी. म्हणून औषध कुत्र्याला आणि साफसफाई घराला, दोन्ही लागतं. आधीच्या लसींचा कागद नसेल तर रेबीजची लस पुन्हा टोचून घ्या. त्याला पलंगाखालून ओढून काढू नका, घाबरलेला कुत्रा तिथेच चावतो. दात किंवा नख लागलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

आता सासूबाईंचा मुद्दा. त्यात माया आहे, पण एक गोष्ट निसटली आहे. रस्ता मोकळा नसतो. प्रत्येक कोपरा कुठल्या तरी टोळीचा असतो. काळू इतके आठवडे तिथून दूर आहे. त्याची जागा एव्हाना दुसऱ्यांनी घेतली असेल, आणि परतलेल्याला ते सहज सामावून घेत नाहीत. शिवाय उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. भटक्या कुत्र्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही म्हटलं आहे की दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येऊ न देणं ही दत्तक घेणाऱ्याची जबाबदारी.

तो रस्त्याकडे ओढतो, कारण ओळखीचं जग तेवढंच आहे. पळून जाण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त असतो. छातीवरून जाणारा पट्टा घाला, त्याला तुमचा फोन नंबर लावा आणि दार उघडण्याआधी तो कुठे आहे ते पाहा. गणपतीतले ढोल-ताशे आणि दिवाळीचे फटाके यांच्या आधीच आतली खोली ठरवून ठेवा. खिडक्या बंद, पंखा आणि टीव्ही चालू, आणि घरातलं एक माणूस जवळ.

बाकी त्याला बोलावू नका, टक लावून पाहू नका. कुत्र्यांच्या जगात रोखलेली नजर म्हणजे धमकी. खाली बसा, तोंड दुसरीकडे करा, आपलं काम करत राहा. म्हणूनच मला वाटतं, काळू बाहेर येईल तेव्हा आधी तुमच्याकडे येणार नाही. रोज एकाच जागी बसून भाजी निवडणाऱ्या आणि त्याच्याकडे मुळीच लक्ष न देणाऱ्या सासूबाईंच्या पायाशी येऊन वास घेईल. तेव्हा त्यांना सांगा, हात पुढे करू नका, मेथी निवडत राहा.