स्वस्त विमान घेण्याआधी

अमेरिकेत राहून दोन सीटचं हलकं विमान घ्यायचं मनात असेल, तर किमतीची घासाघीस नंतर करा. आधी ते बनवणारी कंपनी सुरू आहे का, याची चौकशी करा.

आम्ही तिघांनी भागीदारीत घेतलेलं विमान उत्तम होतं, आजही आहे. पण काही वर्षांत त्याच्या युरोपातल्या कंपनीला टाळं लागलं आणि पुढच्याच वार्षिक तपासणीत पुढच्या चाकाच्या दांड्याला केसाएवढी चीर सापडली. मेकॅनिकने लाल रंग मारून, पुसून, भिंगातून दाखवली तेव्हा कुठे दिसली. वेल्डिंग करणारा कसबी माणूस शेजारच्याच हँगरमध्ये होता. त्याचा उपयोग नव्हता. ‘लाइट स्पोर्ट’ वर्गातल्या कारखान्यात बनलेल्या विमानात निर्मात्याने ठरवून दिलेल्यापेक्षा वेगळं काही करायचं तर त्याचीच लेखी परवानगी लागते, आणि आता परवानगी द्यायला कुणी उरलंच नव्हतं. विमान हँगरमध्ये उभं राहिलं. भाडं आणि इन्शुरन्स मात्र चालूच.

शेवटी आम्ही ते ‘एक्सपेरिमेंटल’ म्हणून नोंदवून घेतलं. यात फायदाही आहे: सोळा तासांचा कोर्स केला की आपल्या विमानाची वार्षिक तपासणी मालकाला स्वतः करता येते. पण असं विमान भाड्याने देता येत नाही, त्यामुळे विकताना फ्लाइंग स्कूलचं गिऱ्हाईक हातचं जातं.

मोठं नाव असलं म्हणून निर्धास्त राहू नका. सेस्नाने २००७ साली स्कायकॅचर जाहीर केलं ते १,०९,५०० डॉलरला. पुढे किंमत दीड लाखाच्या घरात गेली आणि दोनशे विमानंही गिऱ्हाइकांच्या हाती पडली नसताना कंपनीने ते बंद केलं.

दुसरं म्हणजे वजन. २००४ च्या नियमाने ‘लाइट स्पोर्ट’ वर्गाला ६०० किलोंची मर्यादा घातली. रिकामं विमान साडेतीनशे किलोंचं धरलं तर उरले अडीचशे. दोन धडधाकट माणसं पावणेदोनशे किलो, शंभर लिटर पेट्रोल बहात्तर किलो. मग बॅग कुठे ठेवणार? प्रत्येक विमानाचं खरं रिकामं वजन त्याच्या कागदपत्रांत असतं. माहितीपत्रकातला आकडा धरू नका.

यातल्या बऱ्याच विमानांत असणारं रोटॅक्स ९१२ इंजिन मात्र मला मनापासून आवडतं. तासाला वीसेक लिटर, तेही मोटारीचं चांगलं पेट्रोल चालतं. तेल तपासण्याआधी इग्निशन बंद असल्याची खात्री करून प्रॉपेलर हाताने फिरवायचा. तेलाच्या टाकीतून ‘गुडगुड’ ऐकू आलं की मगच तेलकांडी बघायची. पण दर पाच वर्षांनी त्याचे सगळे रबरी पाइप बदलावे लागतात, मग उड्डाण फार झालेलं असो वा नसो. ‘कमी तास उडालेलं’ विमान कुणी दाखवलं तर लॉगबुकात ही तारीख आधी शोधा. विमानाला पॅराशूट असेल तर त्याची मुदतही बघा. त्याचा खर्च मजबूत असतो.

आणि घाई नको. ऑक्टोबर २०२५ पासून ‘स्पोर्ट पायलट’ लायसन्सवर, म्हणजे आधी फक्त हलकी विमानं चालवता येणाऱ्या लायसन्सवर, एक प्रवासी घेऊन सेस्ना १७२ सारखी जुनी विमानंही चालवता येतात. मेडिकल सर्टिफिकेटऐवजी ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, एवढ्यासाठी हलक्या विमानाला जास्त पैसे मोजायचं कारण आता उरलेलं नाही. विक्रेत्याशी बोलताना हे त्याच्या कानावर जरूर घाला.