शेजार निवडताना

घर बदलताना आपण पाणी, रस्ता व शाळेचे अंतर पाहतो आणि मग 'आपलीच माणसे' शोधतो. त्या शोधामागील भीतीला इतिहास आहे. १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यास गेलेल्या बाबासाहेबांना राहावयास जागा मिळाली नाही. ज्या पारशी पथिकाश्रमात ते उतरले, तेथूनही जात कळताच त्यांना बाहेर पडावे लागले. म्हणून आपल्या माणसांत लाभणारा आधार आम्ही कमी लेखत नाही. परंतु मुलांचे सारे जग तेवढेच राहिले, तर ती भीती त्यांच्याही वाट्यास येते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह उघडले. सहवास हेच तेथील शिक्षण होते.

कामशेतजवळील कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे दानलेख आहेत. त्यांत श्रेष्ठी, सुतार, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आणि अनेक यवन यांची नावे आढळतात. भिन्न वंशांच्या व व्यवसायांच्या दानातून ती एक वास्तू साकारली.

पालकहो, घर वा शाळा निवडताना एवढे अवश्य विचारावे : येथे आपल्या मुलास निराळ्या घरातील मित्र मिळेल काय, आणि त्याच्या घरी ते निःसंकोच जेवू शकेल काय?