रिकामा पिकअप आणि भरलेला पिकअप

म्हैसूर शहराच्या वायव्येस, हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हूटगळ्ळी हे गाव आहे. गावाभोवती आता औद्योगिक वसाहत पसरली असून, जवळच बेळवाडी येथे बीईएमएल (पूर्वीची भारत अर्थ मूव्हर्स) या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीचे कारखाने आहेत. खाणींत चालणारे अवाढव्य डंपर तेथे १९८० च्या दशकापासून तयार होत आले आहेत. असा डंपर स्वतःच्या वजनाहूनही अधिक भार वाहतो. एका फेरीत तो रिकामा, तर दुसऱ्या फेरीत काठोकाठ भरलेला असतो आणि या दोन अवस्थांत एकच वाहन दोन निरनिराळ्या वाहनांप्रमाणे वागते. म्हणून मोठ्या डंपरांत पोलादी पाट्यांऐवजी तेल व नायट्रोजन भरलेली नळकांडी बसवितात. भाराखाली वायू जसजसा दाबला जातो, तसतसा तो अधिक ताठ होतो.

भाजी किंवा सिमेंटची पोती वाहणाऱ्या छोट्या पिकअपपुढेही हाच प्रश्न असतो. तेथे मात्र साध्या पाट्यांवरच काम भागवावे लागते. जुना पिकअप घेऊन त्याला शहरातील रस्त्यांवर चपळ करू पाहणारे पुष्कळजण प्रथम इंजिनाकडे वळतात. वस्तुतः विचाराला सुरुवात मागच्या आसापासून करावयास हवी.

एक उदाहरण घेऊ. रिकाम्या पिकअपच्या मागील पाट्यांवर ३०० किलोग्रॅम भार आहे व त्याखाली ते ५ सेंटिमीटर दबतात, असे समजा. हौद्यात माल भरल्याने हा भार ९०० किलोग्रॅम झाला, तर पाटे १५ सेंटिमीटर दबतील. गणित केल्यास असे दिसते की, भरलेली गाडी सेकंदाला सुमारे १.३ वेळा, म्हणजे संथपणे, हेलकावते. रिकामी गाडी मात्र सेकंदाला दोनांहून अधिक वेळा उसळते. खड्ड्यावरून जाताना तिची मागची चाके रस्ता सोडतात. आणि अधांतरी असलेल्या चाकाला ना वळता येते, ना थांबविता येते.

यावर सर्रास योजला जाणारा उपाय म्हणजे दोन पाटे काढून टाकणे. गाडी मऊ होते, थोडी खालीही बसते आणि मालक खूश होतो. सहा सारख्या जाडीच्या पाट्यांतून दोन काढले, तर ताठपणाबरोबर ताकदही सुमारे एक-तृतीयांशाने घटते, हे मात्र माल भरल्यावरच कळते.

याहून मोठा धोका ब्रेकमध्ये दडलेला असतो. ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे झुकते आणि मागची चाके हलकी होतात. रिकाम्या पिकअपमध्ये तर ती फारच हलकी होतात. म्हणून अनेक पिकअपांत मागच्या ब्रेककडे जाणाऱ्या तेलाच्या वाटेवर एक झडप बसविलेली असते. तिचा दांडा मागच्या आसाला जोडलेला असतो. चासी व आस यांमधील अंतर कमी झाले, की झडप माल भरला असे समजते व मागचा दाब वाढू देते. पाटे काढल्यामुळे रिकामी गाडीच खाली बसली, तर झडपेची फसगत होते. मग पावसाळी रस्त्यावर जोराने ब्रेक मारताच मागची चाके आधी जाम होतात आणि गाडीचा मागचा भाग फिरून पुढे येऊ पाहतो. पुढची चाके आधी जाम झाली असती, तर गाडी वळली नसती, पण सरळ तरी गेली असती.

तेव्हा पाट्यांची संख्या न बदलता ते सोडवून गंज साफ करणे, झिजलेले बुश व तुटलेले पाटे बदलणे, आणि नवे शॉक ॲब्सॉर्बर बसविणे हीच खरी सुधारणा होय. काही गाड्यांत मूळचाच एक जाड, जवळजवळ सरळ पाटा सर्वांत खाली असतो व पुरेसा भार आल्यावरच तो कामाला लागतो. डंपरच्या वायूचे काम येथे पोलाद करते, असे म्हणता येईल. पाट्यांना हात लावल्यानंतर झडपेचा दांडा निर्मात्याने दिलेल्या मापाप्रमाणे पुन्हा जुळविणे आवश्यक असते, आणि नेमके हेच काम बहुधा राहून जाते. टायरमधील हवाही रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे निरनिराळी ठेवावी लागते.

राहिले इंजिन. वेग ताशी ६० वरून ८० किलोमीटरवर गेला, तर ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ पावणेदोनपट होते. म्हणून मोठे इंजिन बसविणे हा केवळ इंजिनाचा प्रश्न राहत नाही. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलात मालकाला मनमानी बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही गोष्ट स्पष्ट केली. जुन्या डिझेल इंजिनाची गेलेली शक्ती बऱ्याचदा तुंबलेला फिल्टर, झिजलेले इंजेक्टर किंवा सैल झालेल्या झडपा यांच्यामुळे गेलेली असते व दुरुस्तीने ती परत मिळते. पंपाचा स्क्रू फिरवून अधिक डिझेल सोडले, तर हवा तेवढीच राहिल्याने ते पुरते जळत नाही. मागून काळा धूर निघतो आणि आत पिस्टन तापत जातात.