मृतांची आठवण आणि मुक्या जिवांची सेवा



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृत भाविकांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. २ तारखेला आपण दफनभूमीत जमतो, कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. या दिवसांत एक प्रश्न आमच्यापुढे येतो. घरातला प्रेमळ, कर्ता पुरुष देवाघरी जातो. हयातभर त्याने दारच्या कुत्र्यामांजरांना घास घातलेला असतो, जखमी पाखराला औषधपाणी केलेले असते. मुले विचारतात, "फादर, पप्पांच्या नावाने प्राण्यांच्या दवाखान्याला देणगी दिली तर चालेल का?" इकडे नातलग कुजबुजतात, "माणसे उपाशी असताना कुत्र्यांना पैसे?"

ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे, ते आपण क्रमाने पाहू.

१) मिस्सा आधी. यहूदा मक्काबीने लढाईत पडलेल्यांसाठी वर्गणी गोळा केली व पापार्पणासाठी ती यरुशलेमला पाठवली (२ मक्काबी १२:४३-४५). मृतांना आपल्या प्रार्थनेची गरज आहे. म्हणून कोणतीही देणगी मिस्साऐवजी नसावी, ती मिस्सासोबत असावी.

२) मुके जीव देवाचेच. शब्बाथाची विश्रांती देवाने बैल आणि गाढवालाही दिली (निर्गम २३:१२). वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली दबलेले दिसले, तरी त्याला मदत करावी असे नियमशास्त्र सांगते (निर्गम २३:५). म्हणजे मालकाशी असलेले आपले भांडण त्या जनावराच्या आड येता कामा नये. तोबीतच्या पुस्तकात तरुण तोबिया प्रवासाला निघतो, तेव्हा त्याचा कुत्राही सोबत जातो. प्रभू येशूनेही विहिरीत पडलेल्या बैलाला शब्बाथ दिवशी वर काढण्याचा दाखला दिला (लूक १४:५).

३) क्रम मात्र सुटू नये. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद २४१५ ते २४१८) दोन्ही गोष्टी सांगतो. प्राण्यांना दयेने वागवणे हे आपले कर्तव्य आहे. त्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. परंतु माणसांचे दुःख दूर करण्यासाठी जे द्रव्य आधी खर्चावे, ते प्राण्यांवर उधळणेही योग्य नाही. तेव्हा नातलगांची शंका अगदीच चुकीची नाही. मृताचे देणे राहिले असेल, गड्याची मजुरी थकली असेल, शेजारी कोणी औषधावाचून असेल, तर तिकडे आधी पाहावे. पण क्रम लावणे म्हणजे दार बंद करणे नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते, प्राण्यांविषयी कळवळा बाळगणाऱ्याचे मन माणसांवर दया करायलाही तयार होते. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हाच धागा पुढे नेला.

४) आठवणीचा अर्थ. एखाद्यावर प्रेम करणे म्हणजे त्याचे भले इच्छिणे आणि त्याला जे भले प्रिय होते, तेही जपणे. फुलांचा हार दोन दिवसांत सुकतो. पप्पांच्या हाताकडे पाहणारे जीव मात्र त्यांच्यानंतरही दाराशी येतात. त्यांचे काम हाती घेणे ही आठवणीची जिवंत खूण आहे. मुंबईत परळचे 'बैलघोडा हॉस्पिटल' सर्वांना ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात दिनशॉ माणेकजी पेटिट या पारशी दानशूर गृहस्थांनी आपली पत्नी साकरबाई यांचे नाव त्याला दिले. आजही तेथे आजारी जनावरांवर उपचार होतात.

देणगी देताना काही पथ्ये पाळावीत. संस्था नोंदणीकृत आहे का, भारतीय प्राणी कल्याण मंडळाची तिला मान्यता आहे का, हे विचारावे. शक्यतो स्वतः जाऊन पाहावे, पावती घ्यावी. पैसे नसतील तर जुन्या चादरी, धान्य किंवा रविवारचे दोन तास द्यावेत. गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस यांसाठी हातभार लावला, तर प्राण्यांचे आणि आपल्या लेकरांचेही रक्षण होते.

म्हणून मुलांना आमचे उत्तर असे: पप्पांसाठी मिस्सा सांगा, गरिबाचा वाटा बाजूला काढा आणि मग आनंदाने त्यांच्या नावाने मुक्या जिवांना द्या. तो दयेचा वारसा आहे.

कुटुंबात चर्चेसाठी:
• आपल्या घरातील मृत व्यक्तीचे कोणते चांगले काम थांबले आहे?
• ते पुढे चालवण्यासाठी या महिन्यात आपण काय करू शकतो?