युद्ध संपलं, मग पणजोबा जावात कसे?

प्रश्न : आमचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. जपान ऑगस्ट 1945 मध्ये शरण आला. घरातली माणसं मात्र सांगतात की त्यानंतर ते जावाला गेले आणि वर्षभराने गावी परतले. लढाई संपल्यावर फौज पुढे कशाला नेली?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : घरातली माणसं सांगतात ते अगदी शक्य आहे. जपान शरण आला तरी त्याचं सैन्य होतं तिथेच होतं, हत्यारांसकट. ती काढून घ्यायची, जपान्यांना मायदेशी धाडायचं, छावण्यांत खितपत पडलेले युद्धकैदी आणि डच बायकामुलं सोडवायची, एवढी कामं बाकी होती. जावा डचांची वसाहत. पण हॉलंड स्वतःच नुकतं जर्मनांच्या तावडीतून सुटलेलं. काम ब्रिटिशांकडे आलं आणि त्यांनी हाताशी असलेली हिंदी फौज पाठवली.

मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियनच घ्या. मार्च 1944 मध्ये मणिपुरात सांगशाकला जपान्यांशी झुंजलेली ही पलटण. 25 ऑक्टोबर 1945 रोजी 49 व्या ब्रिगेडबरोबर ती जावातल्या सुराबाया बंदरात उतरली. सोबत मराठ्यांचीच सहावी बटालियन. इंडोनेशियाचे नेते सुकार्नो आणि हत्ता यांनी 17 ऑगस्टलाच देशाचं स्वातंत्र्य जाहीर केलं होतं आणि शहरातल्या तरुणांच्या हाती जपान्यांचीच हत्यारं आली होती. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी यांनी स्थानिक नेत्यांशी समझोता केला, तोच 27 तारखेला ब्रिटिश विमानातून पत्रकं पडली : 48 तासांत हत्यारं टाका. दुसऱ्या दिवशी भडका उडाला. आपले जवान छोट्या छोट्या तुकड्यांनी शहरभर विखुरलेले. इमारतींमध्ये कोंडले गेले, कित्येक तिथेच पडले. 30 तारखेला मॅलबीही मारले गेले.

मला हे फार सलतं. ब्रह्मदेशाच्या सीमेवरून जिवंत वाचलेली पोरं, स्वतःचा देश पारतंत्र्यात असताना, दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यलढ्यापुढे बंदूक घेऊन उभी केली गेली. नेहरूंनी तेव्हाच याचा जाहीर निषेध केला होता. तरी शेवटच्या तुकड्या जावातून निघायला नोव्हेंबर 1946 उजाडला.

युद्धात पडलेल्या सैनिकांची नोंद ठेवणारा राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोग 31 डिसेंबर 1947 पर्यंतचे मृत्यू महायुद्धातलेच धरतो, म्हणजे सुराबायात पडलेलेही त्यात आले. पणजोबांचा डिस्चार्जचा कागद जुन्या पेटीत असेल, तर पलटणीचा आकडा बघा. 4/5 किंवा 6/5 असेल (5 हा रेजिमेंटचा तेव्हाचा क्रमांक), तर ते सुराबायात होते याची शक्यता दाट आहे.