जुन्या ट्रकचे मूळ गुणोत्तर

माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी आजोबांचा टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक उभा आहे. टाटा आणि जर्मनीची डेम्लर-बेंझ यांचे सहकार्य १९५४ साली सुरू झाले व १९६९ साली संपले. ट्रक त्याच काळातला. माहितीची पट्टी केव्हाच निखळून गेलेली. मागच्या आसाचे क्राउन-पिनियन झिजले होते. जुन्या बाजारात दुसरा जोड मिळत होता, पण तो कोणत्या गुणोत्तराचा घ्यायचा? एकदा घेतलेला माल दुकानदार परत घेत नाही.

मुलाने स्वतः मोजमाप केले. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, हातब्रेक सोडून मागचे एकच चाक उचलले. (नुसत्या जॅकवर विसंबू नये. आसाखाली भक्कम ठोकळे आणि जमिनीवरच्या चाकांना दगड हवेतच, आणि जवळ जाणता मिस्त्रीही.) चाकावर व प्रॉपेलर शाफ्टवर खडूच्या खुणा केल्या आणि चाक बरोबर एक फेरा फिरवले. शाफ्ट सुमारे ३.४ फेरे फिरला.

"सर, गुणोत्तर ३.४!"

मी म्हटले, "अरे, आधी वेग काढून बघ." समजा, इंजिन मिनिटाला २८०० फेरे घेते आणि वरच्या गिअरमध्ये शाफ्टही तितकेच फिरतो. चाक जमिनीवर एक फेरा लोळवले तर ट्रक सुमारे ३.१ मीटर पुढे जातो. २८०० ला ३.४ ने भागून ३.१ ने गुणा. ताशी १५३ किलोमीटर येतात! भरलेला ट्रक या वेगाने धावेल काय?

चूक मोजण्यात नव्हती, डिफरन्शियल विसरण्यात होती. क्राउन चक्राचे फेरे हे दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची सरासरी असतात. एक चाक जमिनीवर स्थिर, म्हणजे शून्य, दुसरे एक. सरासरी अर्धा. म्हणून उचललेले चाक दोन फेरे फिरवायला हवे होते. खरे गुणोत्तर ६.८, आणि वेग ताशी सुमारे ७६ किलोमीटर. हाउसिंग उघडल्यावर दात मोजले: क्राउनचे ४१, पिनियनचे ६. भागाकार ६.८३. या दोन संख्यांना सामाईक विभाजक नाही, त्यामुळे पिनियनचा एखादा दात क्राउनच्या त्याच दाताला पुन्हा भेटतो तो पिनियनच्या ४१ फेऱ्यांनंतर. झीज सगळीकडे वाटली जाते.

आसही पूर्वी कोणी बदललेला असू शकतो, म्हणून इंजिनही तपासले. त्या काळच्या ओएम ३१२ इंजिनाला सहा सिलिंडर. बोअर ९० आणि स्ट्रोक १२० मिलिमीटर. π/४ × ९ × ९ × १२ × ६ म्हणजे सुमारे ४५८० घनसेंटिमीटर. मुलाला मात्र बोअर ९१ मिळाला, म्हणजे सुमारे ४६८३. हे इंजिन निराळे काय? स्ट्रोक क्रँकवर ठरतो; तो बरोबर १२० होता. बोअर मात्र दुरुस्तीत घासून मोठा करतात. इंजिन त्याच जातीचे, एकदा बोअर केलेले.