वाटणीचा कागद



नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. आपण दफनभूमीत जातो, कबरी झाडतो, मेणबत्त्या लावतो, मिस्सा मागतो. पण वडिलांच्या कबरीवरची माती वाळण्याआधी बांधावरून भांडण झाले असेल, तर एकाच कबरीवर भाऊ वेगवेगळ्या वेळी येऊन मेणबत्ती लावतात. गर्दीतल्या एका माणसाने आपला हिस्सा भावाकडून मिळवून द्या, असे प्रभू येशूला विनवले (लूक १२:१३). प्रभूने वाटणी करून देण्याचे नाकारले. आजही असे गाऱ्हाणे घेऊन लोक फादरांकडे येतात. तोवर बहुधा फार उशीर झालेला असतो.

बीड जिल्ह्यातल्या आपल्या बहुतेक घरांची मिळकत म्हणजे चार-सहा एकर कोरडवाहू जमीन आणि गावातले घर. तिची वाटणी शेजाऱ्यांच्याच कायद्याने होते, असा आपला समज आहे. तो चूक आहे. ख्रिस्ती माणसाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मृत्युपत्र न करता बाप वारला, तर एक तृतीयांश विधवेचा आणि उरलेले सर्व मुलांना सारखे. नऊ एकर, दोन मुलगे आणि एक मुलगी असतील तर आईला तीन एकर, प्रत्येक लेकराला दोन. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचे दोन एकर कमी होत नाहीत. आपल्याकडे मात्र बहिणीला माहेरी बोलावून, साडी नेसवून हक्कसोडपत्रावर सही घेतात. तिने समजून, मनाने सोडले तर गोष्ट वेगळी. सलाफहादच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या, तेव्हा परमेश्वराने त्यांची बाजू खरी ठरवली (गणना २७), हे आपण सोयीने विसरतो.

दुसरी चूक याच्या उलट. म्हातारपणी पोरांच्या आग्रहाने सगळे जिवंतपणीच नावावर करून द्यायचे आणि मग भाकरीसाठी सुनेच्या तोंडाकडे पाहायचे. सिराखच्या ग्रंथात (अध्याय ३३) याविषयी स्पष्ट ताकीद आहे: श्वास आहे तोवर आपली जागा कुणाला देऊ नये, मिळकत शेवटच्या वेळी वाटावी. बक्षीसपत्र करायचेच असेल तर सांभाळण्याची अट त्या कागदातच लिहून घ्यावी. मग मुलाने अट मोडल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे ते रद्द करून मागता येते.

त्यापेक्षा मृत्युपत्र बरे. ते हयातीत कधीही बदलता येते. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, सही येत नसेल तर अंगठा चालतो. नोंदणी सक्तीची नाही; तरी दुय्यम निबंधकाकडे करावी असे आम्ही म्हणू. २००२ च्या दुरुस्तीपासून ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्तीही नाही. एक मात्र लक्षात ठेवा: विधुराने पुन्हा लग्न केले की आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते.

पूर्वी जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाला धर्मकार्यासाठी मिळकत ठेवायची तर मृत्यूच्या किमान बारा महिने आधी मृत्युपत्र करावे लागे. केरळचे फादर जॉन वल्लामट्टम यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ते कलम रद्द केले. आता चर्चला देण्यास आडकाठी नाही. आम्हांला विचाराल, तर आधी घरच्या म्हातारीची सोय करा, मग चर्चचे बघा.

साक्षीदार दोन हवेत आणि त्यांना त्या कागदातून काही मिळणारे नसावे. सून साक्षीदार झाली, तर तिच्या नवऱ्याला ठेवलेला हिस्सा जातो. वयाने तरुण, गावात राहणारे साक्षीदार निवडा. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि अर्धे गाव रिकामे होते, म्हणून हे काम कोयते बांधण्याआधी उरका.